पालमूरकरांचं पाणी

कुंभाराचं गाढव आमच्या मस्तगड गल्लीच्या चढावर अडून बसलं की समजावं, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. दरवर्षी तेच गाढव, तीच जागा आणि कुंभाराच्या त्याच शिव्या. दोन्ही अंगाच्या जाळ्यांत नवी मडकी गच्च भरलेली, आणि ते जनावर मधोमध उभं राहून डोळे मिटून घेतं. मग आम्ही बायाच घरातून बाहेर येतो, तिथंच मडकी निवडतो, टिचक्या मारून बघतो, कुंभाराशी हुज्जत घालतो. ओझं हलकं झालं की गाढव आपणहून चालायला लागतं. कुंभारानंच त्याला हे शिकवलं असावं असा माझा दाट संशय आहे.

नव्या मडक्यात पहिलं पाणी ओतलं की ते आतल्या आत सूं सूं करतं. अर्धं पाणी मडकंच पिऊन टाकतं. तेव्हा जो वास उठतो ना, त्याच्यासाठी मी वर्षभर वाट बघते. सूनबाई म्हणते, "आत्याबाई, मडक्यात तोंड घालून काय बसल्या? लोक हसतील." हसेनात का! उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात, मला मात्र हाच ऋतू मनापासून आवडतो. बाजेवर कुरडया वाळत असतात. त्यांची राखण करायला चिमीला, म्हणजे माझ्या नातीला, बसवावं तर अर्ध्या ओल्या कुरडया तीच खाऊन टाकते. पाडाचे आंबे गवतात घातलेले असतात. आणि मुख्य म्हणजे जिनाचा भोंगा बंद होतो. कापसातून सरकी काढायचा कारखाना तो जिन. दिवाळीपासून आमच्या कानात ओरडणारा त्याचा भोंगा एक दिवस गप्प होतो, आणि साऱ्या जालन्याला आपापलं बोलणं ऐकू यायला लागतं. तुळशीच्या पानांवर बसलेली रुईची बारीक पांढरी लव मी ओल्या फडक्यानं पुसून काढते. मला फार समाधान वाटतं.

त्या जिनात मी पाणी पाजायला होते. लग्न होऊन नुकतीच आले होते तेव्हा. आमचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. सासरे होते तोवर कळप होता, मग तो सरला. आष्टीकडं थोडी जमीन राहिली ती दिरांनी धरली, आणि माझे मालक बैलगाडी घेऊन जालन्यात आले. आष्टी-परतूरकडचा कापूस भरून आणायचा आणि जिनात उतरवायचा, हे त्यांचं काम. त्यांच्याच वशिल्यानं मला रांजणाचं काम मिळालं. लिंबाखाली दोन मोठे रांजण होते. आडातून पाणी शेंदून ते भरायचे, आणि जो येईल त्याच्या ओंजळीत लोट्यानं वरून धार धरायची. रांजणाला कुणी हात लावायचा नाही, लोट्याला तोंड लावायचं नाही. कोण कुठल्या जातीचा ही चौकशी नको, म्हणून सगळ्यांनाच ओंजळ. त्या नेमाचा आज मला राग येतो. पण त्याच्यामुळंच दिवसभर माझ्या डोळ्यांपुढं माणसांच्या ओंजळी असायच्या, हेही खरं.

आणि बघायची खोड मला बापाकडून, आमच्या दादांकडून, आलेली. कळपाला पाण्यावर नेलं की आमचे दादा काठावर उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. कुठलं मेंढरू तापलंय, कुठलं गाभण आहे, कुठलं दुसऱ्याच्या कळपातून आपल्यात घुसलंय, हे सगळं त्यांना पाणी पिण्यावरून कळायचं. तशीच मी. चेहरा विसरेन, पण कुणी पाणी कसं प्यालं ते विसरत नाही. मालकांना मी पहिल्यांदा बघितलं ते आमच्या अंगणात पाणी पिताना. एवढ्या घाईनं प्याले की निम्मं सदऱ्यावर सांडलं. मी आईला आत जाऊन म्हटलं, "गडी उतावळा हाय, पर मनाचा साफ दिसतो." दोन्ही गोष्टी बराबर निघाल्या.

त्या हंगामात जिनाच्या मुकादमानं पालमूरकडून माणसं आणली होती. पालमूर म्हणजे आपल्याच निजामाच्या मुलखात, पण पार दुसऱ्या टोकाला, हैदराबादच्याही पलीकडं. तिकडं पिकलं नाही की ही माणसं कामासाठी मुलूखभर फिरतात. त्यांची बोली तेलुगू, माझी ही अशी. आमच्यात दोनच शब्द चालायचे. "नील्लु" म्हणजे पाणी, आणि "सालु" म्हणजे पुरे. धार थांबवायची झाली की म्हणायचे, "सालु, अम्मा." मी कोवळी नवी नवरी, आणि डोक्यावर पांढरे केस असलेला बाप्या मला आई म्हणतोय! पहिल्या दिवशी मी पदरात तोंड लपवून हसले. मग सवय झाली. मग तर कुणी अम्मा म्हणालं नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

त्यांतल्या काहींचं काम प्रेसच्या खोलीत. तिथं एक खोल लाकडी पेटी होती. तिच्यात वरून रुई टाकायची, माणसांनी आत उतरून ती पायांनी तुडवायची, आणि मग यंत्रानं दाबून गठाण बांधायची. पालमूरकर तुडवायला. तुडवताना गायचे. गाण्याचा अर्थ कळत नसे, पण त्या ठेक्यावर माझा हात आडाचा दोर ओढायचा. बाहेर आले की भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे. पोरगा कोण आणि म्हातारा कोण, चेहऱ्यावरून ओळखायची सोयच नव्हती. पाणी प्यायला लागले की मात्र एकेक जण वेगळा व्हायचा.

सगळ्यांत उंच होता तो पहिली ओंजळ जमिनीवर सोडायचा, ओला हात कपाळाला लावायचा आणि मगच प्यायचा. दुसरा आधी दोन्ही कानांच्या पाळ्या भिजवायचा. त्याशिवाय त्याच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. म्हातारा होता तो शेवटची ओंजळ डोक्यावर घ्यायचा आणि गंगेत न्हाऊन आल्यासारखा चौफेर बघायचा. आणि पोरगेला होता तो हसायचा. पिताना हसायचा हो! मी धार धरली की त्याला काय व्हायचं देव जाणे, पाणी नाकातून यायचं, ठसका लागायचा, आणि बाकीचे त्याच्या पाठीत धपाटे घालायचे. पाचवा एक अगदी शेवटी येऊन मिळाला. त्याच्या ओंजळीत मी एखाद्या वेळीच पाणी घातलं असेल. तो कसा प्यायचा ते मला काही केल्या आठवत नाही.

नावं? मुकादम हाक मारायचा, "ए पालमूर!" आणि सगळेच वळून बघायचे.

हिवाळ्यात एकदा मी भाकरीबरोबर अंबाडीची भाजी नेली होती. फडकं सोडलं तर पोरगेला एकदम ओरडला, "पुंटिकूर! पुंटिकूर!" त्यांच्याकडं अंबाडीला तसं म्हणतात म्हणे. झालं! कामाची सुट्टी होईपर्यंत त्यांना दम निघेना. माझ्या वाट्याला नुसती भाकरी उरली, आणि म्हातारा बोटं चाटत डोळे पुसत होता. तिखटानं की कशानं, मी विचारणार कसं? दुसऱ्या दिवशी मी टोपलंभर भाजी रांधून नेली. मालक म्हणाले, "नवऱ्याला कधी एवढी भाजी केली न्हाई तू." मी म्हटलं, "तुमी कधी तिला बघून नाचले का?"

आखाजीला थोडे दिवस उरले होते तेव्हा जिनाला आग लागली. ऊन असं होतं की रुईलासुद्धा चटका बसावा. कापसात कधी खडा येतो, कधी लोखंडाचा तुकडा येतो, तो यंत्रात सापडला की ठिणगी उडते. तसंच झालं म्हणतात. मी बघितलेलं नाही. पाचही जण माझ्याकडून पाणी पिऊन आत गेले होते. उंचानं जमिनीवर सोडलेली ओंजळ अजून वाळली नव्हती, आणि आतून आरडाओरडा उठला. रुईची आग पळते. बघता बघता ती खोलीच्या या टोकाची त्या टोकाला गेली. मालक, गाडीवाले, आम्ही बाया, सगळ्यांनी रांजण उपसले, आड उपसला. रांजणाचा तळ मी पहिल्यांदा त्या दिवशी बघितला. त्याच्यापुढचं मी कुणाला सांगत नाही. पोटच्या पोरालाही सांगितलेलं नाही.

पाचही जणांना कुंडलिका नदीच्या काठी नेलं. मुकादम उरलेली माणसं घेऊन रेल्वेनं निघून गेला तो पुन्हा जालन्यात दिसला नाही. बाजारात कुणी कुणाला विचारायचं, "कोन गेले म्हने?" आणि उत्तर यायचं, "पालमूरचे व्हते." त्यावर विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडायचा, आणि तो पुढं भाजी घ्यायला जायचा. मला ते ऐकवत नसे. एकच गोष्ट मनाशी धरून होते, की तहानलेले गेले नाहीत. पाणी पिऊन गेले.

मग आखाजी आली. त्या दिवशी आमच्याकडं गेलेल्या माणसांसाठी नवं मडकं भरतात, वर आंबा ठेवतात, आणि घरातली वडील बाई एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडते. नाव घेतलं तरच पाणी पोचतं, नाहीतर वाटेतच मुरतं, असं मानतात. माझ्या डोक्यात किडा शिरला. पालमूरला त्यांच्या घरी अजून कळलंही नसेल. तिथं बाया वाट बघत असतील. मग पाणी कोण सोडणार? इथं आम्ही सोडलं नाही तर कुणीच नाही. ती माणसं त्या जळक्या दारातच उभी राहतील, ओंजळ धरून. मला भाकर गोड लागेना.

आमच्या घरातली वडील बाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात. आत्याबाईंचा आवाज मेंढरांमागं फिरून तयार झालेला. घरात बोलल्या तरी पलीकडच्या गल्लीत कळायचं. माहेर राजूरचं, म्हणून राजूरच्या गणपतीलासुद्धा त्या भावकीतला समजायच्या. "त्याला मी सांगते, तू गप बस," असं म्हणायच्या, आणि खरंच उंबऱ्यात उभ्या राहून त्याला झापायच्या. अशा बाईपुढं मी उभी राहिले.

"आत्याबाई, यंदा जिनातल्या पाची जनांचं पानी सोडा."

"नावं काय त्यांची?"

"ठावं न्हाईत."

"गाव?"

"पालमूर."

"पालमूर म्हंजी गाव झालं व्हय? बिनानावाचं पानी सोडलं तं ते कुनाच्या दारात जाईल, सांग बरं? आन् वळख ना पाळख, मेलेल्या मान्सान्ला घरात बोलावून राह्यली तू! बिलकुल न्हाई."

मला रडूच कोसळलं. पण रडता रडताच मी म्हटलं, "नाव ठावं न्हाई, पर मी वळखते त्यान्ला."

"कशावरून?"

"पान्यावरून."

आत्याबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी वरवंटा बाजूला ठेवला, हात धुतले आणि बाहेर आल्या. म्हणाल्या, "दाव."

मालकांनी लोटा घेतला आणि मी अंगणात ओंजळ धरली. पहिली ओंजळ जमिनीवर सोडली, कपाळाला हात लावला आणि प्याले. मग कानाच्या पाळ्या भिजवून प्याले. मग शेवटची ओंजळ डोक्यावर घेतली आणि म्हाताऱ्यासारखं चौफेर बघितलं. पोरगेल्याचं पाणी मला काही साधेना. हसू आणायला गेले तर रडू यायचं. तेवढ्यात मालकच फस्सकन हसले, लोटा हिंदकळला, पाणी माझ्या नाकात गेलं, आणि मला अस्सा ठसका लागला की आत्याबाईंनी धावत येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला. धपाटा घातला आणि हात तसाच पाठीवर राहू दिला.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरान्ला कुठं नावं असतेत? तरी एक कमी पडलं तं पान्यावर कळतं."

मग त्या ओसरीच्या कडेला बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच अंगणाबाहेर गेला नाही. म्हणाल्या, "माझा किसन असाच मुकादमासंगं गेल्ता. तिकडं घाटात, धरनाच्या कामाला. आला न्हाई. मेला म्हनून कुनी सांगितलं न्हाई, जिता हाय म्हनूनबी न्हाई. म्हनून मी मडक्यावर त्याचं नाव कधी घेत न्हाई."

किसनमामा म्हणजे आत्याबाईंचा पाठचा भाऊ. त्यांचं नाव घरात निघत नसे. मालकांनी मान खाली घातली.

"तिकडंबी बाजारात म्हनले असतेन, जालन्याकडचा व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "पर तिकडंबी कुनी पानीवाली आसंलच की गं." आणि पदरानं डोळे पुसून एकदम नेहमीच्या आवाजात ओरडल्या, "काय बघत बसली? जल्दी आण ते मडकं! ऊन्ह डोक्यावर आलं."

घरच्यांची नावं झाली. मग मी एकेकासारखी प्याले आणि आत्याबाईंनी एकेकाचं पाणी सोडलं. घरच्यांसाठी आम्ही विस्तवावर घास ठेवतो. यांच्यासाठी त्यांनी तो ठेवू दिला नाही. म्हणाल्या, "पुरे झाला त्यान्ला विस्तू." चौघांचं झालं आणि मी थांबले. पाचव्याचं पाणी मला आठवत नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं, माझ्या लक्षात आलं ते त्यांच्याही आलं. त्या उठल्या, स्वतः ओंजळ धरली, मान डावीकडं कलती केली आणि एका गालानं हळूहळू पाणी प्याल्या.

"असं प्यायचा किसन. उजवी दाढ दुखायची त्याची," त्या म्हणाल्या. "त्या पाचव्याला हे देऊ. त्यो काय न्हाई म्हननार न्हाई."

त्या दिवशी आम्ही सगळे पोटभर जेवलो. मालकांनी आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या, आणि आत्याबाई चक्क दुपारी झोपल्या. मला मडक्याशी बसून राहावंसं वाटलं. पाणी गार पडत होतं.

तेव्हापासून आमच्या अंगणातल्या आखाजीची ही रीत पडली ती पडलीच. पहिल्या वर्षी शेजारणी म्हणाल्या, काय माकडचाळे चाललेत. मग त्यांतलीच एक, गेलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायची जिला लाज वाटायची, ती हळूच येऊन म्हणाली, "आमचे हे मिशीवरचं पानी झटकायचे." आणि मिशी नसलेल्या ओठांवरून तिनं असा काही हात फिरवला की आम्ही सगळ्या हसलो. तीही हसली. पोरांना तर हा खेळच झालाय. पोरगेल्याचं पाणी कुणी प्यायचं यावरून दर साली भांडणं होतात, आणि शेवटी सगळीच पोरं एकदम पितात, सगळ्यांनाच ठसका लागतो, आणि अंगणात धपाट्यांचा नुसता आवाज. त्या पोराला एवढे धपाटे जिवंतपणी मिळाले नसतील. त्यांना कुणाला त्याचा चेहरा ठाऊक नाही. मलाही नीटसा नाही, रुईखाली होता तो. पण हसू ठाऊक आहे, आणि ते मस्तगडच्या गल्लीत दर उन्हाळ्यात नव्यानं फुटतं. मी कट्ट्यावर बसून ऐकते. वाईट वाटायला हवं असं कधी कधी मनात येतं. नाही वाटत, काय करू! मला बरं वाटतं.

जिन पुन्हा उभा राहिला, पुन्हा कापूस आला, लिंबाखाली आता दुसरी पाणीवाली आहे. ती मला विचारते, "मावशी, येवढी मान्सं येतेत, ध्यानात कशी ऱ्हावीत?" मी तिला सांगते, तोंडाकडं बघू नको, हाताकडं बघ. तिला मुद्दाम अंबाडी पाठवते मी हिवाळ्यात. पालमूरची माणसं अजूनही येतात.

आत्याबाईही गेल्या. मागल्या आखाजीला त्यांचं नाव घेऊन मी पाणी सोडलं, आमच्याच होत्या ना त्या. तर चिमी मधेच ओरडली, "नाव नको! तिचं पानी कर!" आणि मी काही म्हणायच्या आत तिनंच लोटा उचलला, एक हात कमरेवर ठेवला, एका दमात सगळा रिता केला आणि पाखरं उडतील असं ओरडली, "हाऽऽ! गार पडले गं बाई!" मालक ताडकन उभे राहिले. त्यांना आई आली असंच वाटलं क्षणभर. मग ते तसेच भिंतीला टेकले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

यंदाची आखाजी परवाच झाली. उंचाचं झालं, कानवाल्याचं झालं, म्हाताऱ्याचं झालं, पोरगेल्याचा गोंधळ झाला. पाचव्याचं पाणी चिमी प्याली, मान डावीकडं कलती करून, अगदी दाढ दुखतेय असं तोंड करून. सूनबाई पानं वाढायला आत वळली. आणि चिमी माझ्यापुढं येऊन, दोन्ही गालांना हात लावून उकिडवी बसली. आमचे दादा पाण्याच्या काठावर बसायचे तशी.

"आज्जे, तू कशी पितीस?"

"कशी म्हंजी? सगळे पितेत तशी."

"न्हाई. पिऊन दाव. मी बघून ठिवते."

सूनबाई आतून कडाडली, "सनासुदीला काय बोलून राह्यली गं! ऊठ तिथून!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "तू ये, धार धर."

सूनबाई आली. तिनं मडक्यात लोटा बुडवला. मी पाटावर बसले आणि ओंजळ पुढं केली. अख्ख्या जिनाला पाणी पाजलं मी, पण माझ्या ओंजळीत कुणी पाणी घालतंय आणि कुणी टक लावून बघतंय, असं कधी झालंच नव्हतं. मी कशी पिते ते मलाच ठाऊक नव्हतं. पाणी गार होतं, त्याला नव्या मडक्याचा वास होता. मी काही केलं नाही, नुसती प्याले. पोटभर प्याले आणि तोंडातून आपसूक निघालं, "सालु."

चिमी माझ्या हातांकडं बघत होती. मग तिनं मान हलवली, म्हणाली, "कळलं," आणि मडक्यावरचा आंबा उचलून पळाली.

काय कळलं ते मी तिला विचारलं नाही.